मेडिकलच्या काउंटरवरून (भाग ६) : ‘उलटीची गोळी द्या’

मागच्या भागात आपण चिठ्ठी नीट वाचायला शिकवण्याबद्दल बोललो. या आठवड्यात चिठ्ठीच नसलेला प्रसंग घेऊ. जालना जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीसारख्या गावात मेडिकलवर येणारे अनेकजण रिकाम्या हातानेच येतात. भोवती कपाशी, ऊस, मोसंबी. दवाखाना गाठायचा तर मजुरी बुडते, म्हणून दुखणं आधी मेडिकलवर येतं. डी.फार्म. होऊन काउंटरमागे नुकताच उभा राहिलेला मुलगा किंवा मुलगी तेव्हा एकटी असते आणि तिला दोन मिनिटांत ठरवायचं असतं : औषध द्यायचं, नाही म्हणायचं, की पुढे पाठवायचं? रोगनिदान हे तिचं काम नाही, कायद्यानेही नाही. पण हे तीन पर्याय तिच्यासमोर रोज असतात, आणि त्यातून निवड कशी करायची ते शिकवता येतं. मात्र फळ्यावर लिहून नाही.

वर्गात हा प्रसंग मांडून बघा. सप्टेंबरअखेर, दुपारची वेळ. एक बाई घाईघाईने येते. “दादा, आमच्या मालकाला मळमळायलंय, दोनदा उलटी झाली. डोकं बी लई दुखायलंय. एक उलटीची गोळी द्या.” एवढं बोलून तिने गप्प बसायचं. तिची भूमिका करणाऱ्याकडे एक कार्ड असतं. त्यावरची माहिती कुणी नेमकं विचारलं तरच सांगायची, नाहीतर नाही. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने १९६३ साली अमेरिकेत वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी असा शिकवून तयार केलेला ‘रुग्ण’ पहिल्यांदा वापरला. त्याला ना महागडी प्रयोगशाळा लागते, ना संगणक. गावातली आशाताई किंवा वरच्या वर्गातली एखादी विद्यार्थिनी हे काम उत्तम करते, आणि बोली तर तिची स्वतःचीच असते.

विद्यार्थी सहसा आधी औषधाचं नाव सांगतात. कुणी ओंडान्सेट्रॉन म्हणतं, कुणी पित्ताची गोळी, कुणी ओआरएस. दोष त्यांचा नाही. परीक्षेत त्यांना आजवर औषधाचं नावच विचारलेलं असतं. इथे शिक्षकाने घाई करू नये. नाव सांगणाऱ्याला गोळी ‘देऊ’ द्यावी आणि बाईला जाऊ द्यावं. मग दुसऱ्या विद्यार्थ्याला पुढे बोलवावं. कधीतरी कुणीतरी विचारतंच, “मावशी, सकाळपासून काय काम करत होते ते?”

“कपाशीला औषध मारत होते की. पंप गळत होता, पाठ सगळी भिजली.”

आता कार्डवरची बाकीची माहिती प्रश्नागणिक बाहेर येते. घाम थांबत नाही, तोंडाला पाणी सुटतंय, डोळ्यांपुढे अंधुक दिसतंय. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतं. त्यामुळे मज्जातंतूंच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं, आणि लाळ, घाम, उलट्या, जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर ही लक्षणं दिसू लागतात. जीव जातो तो बहुधा श्वास बंद पडून. फार्माकॉलॉजीच्या तासाला ही साखळी घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थी काउंटरवर तीच लक्षणं ओळखत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशीच्या पट्ट्यात शिकणाऱ्याला हा धडा गाळून चालणार नाही.

“डॉक्टरकडे न्या” एवढं म्हणून विद्यार्थी सुटका करून घेतात, तेही चालू देऊ नये. कुठल्या डॉक्टरकडे? किती वेळात? भिजलेला शर्ट अजून अंगावर असेल तर विष कातडीतून आत जातच राहणार. तो आधी काढायचा, अंग साबण-पाण्याने धुवायचं, धुणाऱ्याने हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालायची. मुद्दाम उलटी करवायची नाही. दूध-तूप पाजायचं नाही. गुंगी येत असेल तर कुशीवर झोपवायचं. १०८ला फोन लावायचा. आणि फवारलेल्या औषधाची बाटली किंवा माहितीपत्रक सोबत द्यायचं, कारण लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो (लाल सर्वांत घातक, मग पिवळा, निळा, हिरवा) आणि उताराही तिथेच छापलेला असतो. हे सगळं बाईला समजेल अशा शब्दांत, तिला न घाबरवता सांगायचं. विद्यार्थी हे तोंडाने बोलून दाखवतो तेव्हा खरी तयारी कळते.

या प्रसंगाचा कस पुढच्या आठवड्यात लागतो. तीच बाई, तेच पहिलं वाक्य, पण कार्ड बदललेलं. या वेळी मालकाने फवारणी केलेलीच नाही. नवरात्राचा उपास आहे, आणि सकाळी उपाशीपोटी साखरेची ग्लिमेपिराइड गोळी मात्र घेतली आहे. हातपाय थरथरताहेत, घाम सुटलाय. शुद्धीवर असेल तर आधी साखर द्यायची, नंतर खायला. शिवाय ही गोळी दिवसभर साखर खाली ओढू शकते, म्हणून एकदा बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच. तिसऱ्या कार्डात छातीत दाबल्यासारखं होऊन डावा हात भरून आलेला असतो. चौथ्यात काहीच गंभीर नसतं, रात्रीचं तिखट जेवण बाधलेलं असतं. हे चौथं कार्ड गाळू नका, माझा आग्रह आहे. ते नसेल तर विद्यार्थी प्रत्येकाला जालन्याला पाठवायला शिकतो, आणि त्याची किंमत गरिबाला भाड्यात आणि बुडालेल्या मजुरीत मोजावी लागते.

गुण कसे द्यायचे? खरं उत्तर उघड होण्याआधी विद्यार्थ्याने चार ओळी लिहून द्यायच्या : काय विचारलं, काय ठरवलं, कशावरून ठरवलं, आणि कुठली गोष्ट कळली असती तर निर्णय बदलला असता. शेवटची ओळ सर्वांत बोलकी असते. अंदाजाने बरोबर आलेला आणि विचार करून चुकलेला, दोघेही तिथे वेगळे दिसतात. चर्चा त्याच चार ओळींवर करावी, लगेच, सगळ्यांसमोर, पण कुणाला न हिणवता.

फार्मसी कौन्सिलच्या २०२०च्या नव्या नियमांनी डी.फार्म.मध्ये फार्माकोथेरप्युटिक्स आणला, कम्युनिटी फार्मसीला जागा दिली. ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण आहेच. त्यातले बरेच तास रॅक लावण्यात आणि मुदत संपलेला माल वेगळा काढण्यात जातात. तेही काम शिकायला हवं, पण रोज निदान एका गिऱ्हाईकाबद्दल या चार ओळी वहीत उतरल्या आणि दुकानातल्या अनुभवी फार्मासिस्टने त्या वाचल्या, तर तेच तास सोन्याचे होतील.

या आठवड्याचा गृहपाठ शिक्षक आणि विद्यार्थी दोघांसाठी. आपल्या गावापासून सर्वांत जवळ अ‍ॅट्रोपिन (ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवरचा उतारा) कुठे मिळतं, तिथे रात्री डॉक्टर असतात का, आणि गाडी कोण देईल, हे प्रत्यक्ष जाऊन विचारायचं. ते नंबरांसह एका कागदावर लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवायचं. पुढच्या भागात ऊसतोडीला निघालेला, बीपीच्या गोळ्यांसोबत सहा महिन्यांच्या ‘अंगदुखीच्या गोळ्या’ एकदम मागणारा माणूस घेऊ.