बंडीनंतरची गाडी

यवतमाळ जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कापसाची पहिली वेचणी घरात येऊ लागली, की राळेगाव, घाटंजी, पांढरकवडा, वणी येथील जिनिंगांच्या फाटकांसमोर वाहनांच्या ज्या रांगा लागतात, त्यांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात, क्वचित एखादी बैलबंडीही असते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या रांगांत ज्या वाहनाची संख्या सतत वाढत गेली, ते म्हणजे पुढे दोघातिघांपुरती केबिन आणि मागे उघडा लोखंडी हौदा असलेली, बहुधा पांढऱ्या रंगाची मध्यम मालमोटार होय. तिला लहानथोर सर्वजण पिकअप म्हणतात. ज्याला लोक ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टाटा एसपेक्षा ती मोठी, आणि टाटांच्याच ‘चारशे सात’ ट्रकपेक्षा लहान, सव्वा टनापासून दोन टनांपर्यंत, म्हणजे साडेबारा ते वीस क्विंटल ओझे कायदेशीरपणे वाहणारी. मोटारींविषयी आपल्याकडे जे लिखाण होते ते बहुतांशी शहरातील कुटुंबाच्या गाडीविषयी होते, आणि म्हणून या वाहनाने कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्याच्या व्यवहारात जो पालट घडवून आणला आहे, त्याची नोंद व्हावी तशी झालेली नाही. तो पालट वेगाचा आहेच. पण त्याहून अधिक तो, माल कोठे विकावा व केव्हा विकावा हे ठरविण्याच्या अधिकाराचा आहे.

हे नीट ध्यानी यावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. हा प्रांत वऱ्हाडच्या कापसाचा. हा कापूस बाहेर नेण्यासाठीच किलिक निक्सन या इंग्रज पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर असा अरुंद रुळांचा लोहमार्ग टाकला, जो पुढे शकुंतला या नावाने सर्वतोमुखी झाला. यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंतचे सुमारे ११३ किलोमीटरचे अंतर तोडण्यास या गाडीला जवळजवळ अर्धा दिवस लागे. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये घडविलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालत राहिले. मूर्तिजापुरास कापूस मोठ्या रुळांवर चढे, तेथून मुंबईस जाई आणि मुंबईहून विलायतेस. मार्ग एकच आणि दिशाही एकच. ज्या शेतकऱ्याने कापूस पिकविला त्याची सत्ता बंडी जेवढी एका दिवसात जाऊन परत येईल तेवढ्याच परिघात चाले, आणि त्या परिघात जो व्यापारी असेल त्याचा भाव हाच त्याचा भाव ठरे.

स्वातंत्र्यानंतर परीघ बदलला नाही, केवळ त्याचा धनी बदलला. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली, आणि शेतकऱ्याला हमीचा भाव मिळावा या सद्हेतूने निघालेल्या त्या कायद्यान्वये कापूस राज्याबाहेर नेणे निषिद्ध ठरले. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या बाजारात भाव चढा असला, तरी नदीच्या अलीकडच्या शेतकऱ्याने आपला माल तेथे नेला तर तो गुन्हा होई आणि नाक्यावर गाडी अडविली जाई. नव्या शतकाच्या प्रारंभी ही मक्तेदारी शिथिल झाली. आणि नेमक्या त्याच काळात, हा योगायोगच म्हणावयाचा, मध्यम आकाराच्या पिकअप गाड्या जिल्ह्यातील गावागावांत येऊ लागल्या. कायद्याने मोकळीक दिली असती आणि वाहन नसते, तर त्या मोकळिकीचा लाभ ट्रक भाड्याने घेण्याची ऐपत असलेल्या व्यापाऱ्यालाच झाला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. आज झरी-जामणी किंवा केळापूर तालुक्यातील शेतकरी सकाळी भाव विचारतो, आणि वणी, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट अथवा पिंपळखुटीवरून पलीकडचे आदिलाबाद यांपैकी जेथे दोन पैसे अधिक मिळतील तेथे त्याच दिवशी माल नेऊ शकतो. उमरखेड-महागावकडील हळद हिंगोली-वसमतच्या बाजाराकडे जाते तीही बऱ्याच अंशी अशाच गाड्यांतून.

या वाहनाचे कूळ परदेशी आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीला कारखान्यातच मागे हौदा बसवून ती विकावयास काढली; तत्पूर्वी तेथील शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून गावच्या सुताराकडून पेटी बसवून घेत. आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी आरंभिली. तिचे भक्कम लोखंडी चौकटीचे तंत्र पुढे बोलेरोत व बोलेरो पिकअपमध्ये उतरले. आकुर्डीच्या बजाज टेम्पोच्या मेटॅडोरने दरम्यानच्या काळात असे नाव कमावले, की विदर्भात अजूनही कित्येक वृद्ध कोणत्याही लहान मालगाडीस मेटॅडोरच म्हणतात. टाटांनी १९८६ मध्ये ४०७, १९८८ मध्ये टाटामोबाइल आणि २००५ मध्ये एस आणली. या मालिकेतील मधली जागा पिकअपने व्यापली, आणि काळ्या जमिनीच्या जिल्ह्याला नेमकी तीच हवी होती.

काळ्या जमिनीचा उल्लेख मी हेतुपुरस्सर करीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते व उन्हाने आकसून भेगाळते. त्यामुळे पावसाळ्यात पांदण रस्ता म्हणजे चिकट लगदा होतो आणि उन्हाळ्यात चाकोऱ्यांनी दगडासारखा कठीण बनतो. अशा वाटेवर पिकअप टिकते याचे कारण तिच्या रचनेत आहे. सामान्य मोटारीत शरीर आणि सांगाडा एकजीव असतात. पिकअपमध्ये खाली स्वतंत्र लोखंडी चासी असते आणि केबिन व हौदा तिच्यावर बसविलेले असतात, म्हणून ओझ्याचा पीळ चासी सोसते. मागील धुरा पोलादी पाट्यांच्या कमानीवर टेकलेला असतो आणि इंजिनाची शक्तीही मागच्याच चाकांना मिळते. परिणामी हौदा भरला, की वजन नेमके ओढणाऱ्या चाकांवर येते व त्यांची पकड वाढते. याची दुसरी बाजू अशी, की हौदा रिकामा असताना मागचा भाग हलका राहतो, खड्ड्यांतून उसळतो, आणि ओल्या मातीत चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून पावसाळ्यात रिकामी गाडी शेताकडे नेताना जाणते चालक मागे रेतीची दोन-चार पोती टाकून ठेवतात. डांबरी सडकेवर पाऊस पडत असता रिकाम्या गाडीचा ब्रेक एकदम दाबू नये, कारण मागची बाजू घसरून गाडी आडवी होते. पुसदच्या भोवतालच्या डोंगरवळणांवर हे विशेष सांभाळावे लागते. भरल्या गाडीने घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक आजही प्रमाण मानावा. केवळ ब्रेकवर विसंबले तर ते तापून निकामी होतात.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांनंतर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली. ही काजळी जळून जाण्यास गाडी काही काळ एका वेगाने धावून धुराडे पुरेसे तापावे लागते. जो शेतकरी गाडी केवळ शेत ते गाव अशा लहान फेऱ्यांना वापरतो, त्याची गाळणी तुंबते. म्हणून अधूनमधून हमरस्त्यावर एखादी लांब फेरी व्हावी. आणि असे तापलेले धुराडे घेऊन गाडी वाळल्या पऱ्हाट्यांवर अथवा सांडलेल्या कापसावर उभी करू नये.

कापूस हे विलक्षण ओझे आहे. सोयाबीनची पोती हौद्याच्या निम्म्यावरही येत नाहीत तोच वजनाची मर्यादा गाठली जाते. कापसाच्या बाबतीत हौदा भरून वाहिला तरी वजन उरते. मग हौद्याला उंच जाळ्या लागतात, एक माणूस वर उभा राहून कापूस तुडवितो, आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. अशी गाडी वजनाने नियमात असली तरी वळणावर कलंडू शकते. वाऱ्याचा झोत तिला ढकलतो. आणि गावातील लोंबत्या विजेच्या तारांना तिचा माथा लागला, तर क्षणार्धात पेट घेते. विजेच्या तारांखाली उंच भरलेली गाडी नेण्यापूर्वी खाली उतरून पाहणे, याला पर्याय नाही. ताडपत्रीचाही विचार पैशाच्या दृष्टीने करावा. भारतीय कपास निगमच्या खरेदी केंद्रावर आर्द्रता ८ टक्क्यांहून अधिक भरली तर भावात कपात होते, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतलाच जात नाही. पहाटेच्या रांगेत नंबर लागावा म्हणून आदल्या रात्री भरून उघडी ठेवलेली गाडी हिवाळ्यातील दव शोषून घेते. शेतातून कोरडा निघालेला माल केंद्रावर ओला ठरतो, आणि महिन्यांची मेहनत एका रात्रीत कमी भावाची होते.

आता विकत घेण्याचा प्रश्न. माझे मत असे, की केवळ स्वतःच्या शेतासाठी पिकअप घेणे बहुसंख्य शेतकऱ्यांना परवडणारे नाही. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल कापूस धरला, तर दहा एकरांचा धनी असूनही त्याचा सारा कापूस फार तर चार-सहा खेपांत बाजारात पोचतो. एवढ्यासाठी वर्षभर हप्ता, विमा, टायर आणि चालकाचा खर्च सोसणे शहाणपणाचे नाही. गाडी तोलते ती भाड्यावर. म्हणून गावात ज्याने गाडी घेतली आहे तो दिवाळीपूर्वी सोयाबीन, मग फाल्गुनापर्यंत कापूस व तूर, त्यानंतर हरभरा, लग्नसराईत मंडपाचे सामान, आषाढात खते-बियाणे आणि एरव्ही भाजीपाला, सिमेंट, बकऱ्या असे वर्षाचे गणित मांडतो. खरी अडचण भाद्रपदाच्या आसपास येते, जेव्हा पिके शेतात उभी असतात, भाडे मिळत नाही, आणि हप्त्याची तारीख मात्र दर महिन्यास चुकत नाही. कर्जाचा करार करतानाच हप्त्यांची बांधणी हंगामाशी जुळवून मागावी. काही ठिकाणी ती मिळते, पण मागितल्यावाचून कोणी देत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने, नोंदणीपुस्तकावरील कर्जाचा बोजा उतरल्याचा दाखला हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम मोजू नये.

कायद्याची माहिती थोडक्यात देतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे ज्या मालवाहनाचे भरलेले एकूण वजन ३,००० किलोंच्या आत आहे, त्याला मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. त्यावरील गाडीस लागतो, आणि पिकअपच्या काही जाती या रेषेच्या अलीकडे तर काही पलीकडे पडतात, तेव्हा खरेदीपूर्वीच हे पाहावे. योग्यता प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी व पुढे दरसाल नूतन करावे लागते. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याने एकूण ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहन चालविण्यास वेगळी नोंद लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला, आणि विमा कंपन्या ज्या कारणाने दावे नाकारीत ते एक कारण त्यामुळे नाहीसे झाले. अतिभाराचा दंड २०१९ च्या दुरुस्तीने २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा झाला आहे.

परंतु ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, ती याहून गंभीर आहे. वेचणीच्या दिवसांत मजूर स्त्रिया एका गावाहून दुसऱ्या गावी पिकअपच्या हौद्यात उभ्याने जातात. लग्नाचे वऱ्हाड जाते, यात्रेकरू जातात. हौद्यात बसण्याची जागा नसते, धरावयास दांडी नसते, आणि मालासाठी बांधलेल्या ताठ पाट्यांवर गाडी उसळली की उभा माणूस प्रथम बाहेर फेकला जातो. फाळका तर कमरेइतकाही उंच नसतो. मालवाहनातून माणसे नेणे निषिद्ध आहे, हे सर्वांना ठाऊक असते. विम्याची बाजू मात्र फार थोड्यांना माहीत असते. १९९४ च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा धनी अथवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या संरक्षणात आला. पण फुकट अथवा सोबतीने बसविलेल्या अन्य माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस स्पष्ट केले. म्हणजे अपघात झाला तर मृताच्या घराला जे मिळावयाचे ते गाडीमालकाच्या शेतातून व घरातून वसूल व्हावयाचे, आणि ज्याच्यापाशी तेवढे नाही त्याच्याकडून कोणासही काही मिळावयाचे नाही.

मजुरांची सोय नाही म्हणून असे करावे लागते, हे उत्तर शेतकरी देतो, आणि त्यात तथ्य आहे; पहाटे शेतावर पोचविणारी एसटी अनेक गावांना नाही. तरीही वेचणीचा दर किलोमागे ठरवितानाच प्रवासी परवान्याच्या ऑटोचे किंवा जीपचे भाडे त्या हिशेबात धरावे, दोन-तीन शेजारी शेतकऱ्यांनी एकाच दिवशी वेचणी लावून ते वाटून घ्यावे, आणि पिकअप सायंकाळी एकट्या कापसासाठी शेतावर बोलवावी. काही गावांत ही रीत सुरू झालेली आहे. तेथे गाडी शेताच्या धुऱ्यावर येते तेव्हा हौदा रिकामाच असतो, गाठोडी त्यात चढविली जातात, आणि वेचणाऱ्या बाया दुसऱ्या वाहनाने आपल्या गावी परततात.