करवत किती लांब हवी?



सुताराच्या हातातली करवत तुम्ही पाहिलीच असेल. चार बोटे रुंदीची पट्टी कापायची असली, तरी करवत मात्र हातभर लांब असते. असे का? कारण ही करवत पुढेमागे ओढावी लागते. लाकूड जेवढे रुंद तेवढी लांबी लाकडातच राहते; उरलेली लांबी हाताच्या फेऱ्यासाठी. दोघांनी समोरासमोर ओढायची दीड मीटर लांबीची करवत घेतली आणि ओंडका ६० सें.मी. जाडीचा असला, तर फेऱ्यासाठी ९० सें.मी. उरतात. करवत आखूड असेल, तर भुसासुद्धा नीट बाहेर पडत नाही.

आता जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांतही चेनसॉ, म्हणजे साखळी करवत, दिसू लागली आहे. तिच्या लोखंडी पट्टीभोवती दातेरी साखळी सायकलच्या साखळीसारखी एकाच दिशेने फिरते. तिचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर असतो. येथे पुढेमागे ओढण्याचा प्रश्नच नाही. मग पट्टी किती लांब हवी? “जेवढी लांब तेवढी चांगली” असे उत्तर तुम्ही द्याल. आमच्या गावानेही तेच दिले होते.

खळ्यातला कडुनिंब

पांझरेकाठच्या आमच्या गावी वळवाच्या वादळात काकांच्या खळ्यातला जुना कडुनिंब उन्मळून पडला. त्याचे खोड ६० सें.मी. जाड आणि २ मीटर सरळ होते. काकांना त्याच्या फळ्या काढून घराला दारे करायची होती. मशीनवाल्याने आपल्या लहान यंत्राला मिळेल ती सर्वांत लांब पट्टी चढवली. उभा काप हातभर गेला नाही तोच धूर निघू लागला, साखळी बोथट झाली आणि पट्टी लाकडात अडकली. शेवटी खोडाचे सरपण झाले. मी पदार्थविज्ञान शिकवतो. पण त्या दिवशी पाच मिनिटांचे गणित न करता नुसता पाहत उभा राहिलो. ते गणित आज करू.

क्षेत्रफळाचा हिशोब

कापणे म्हणजे नवा पृष्ठभाग उघडा करणे. खोड आडवे एकदा कापले, तर उघडे होणारे वर्तुळ π × ३० × ३०, म्हणजे सुमारे २,८०० चौ. सें.मी. सरपणासाठी २ मीटर खोडाचे ४० सें.मी.चे पाच तुकडे करायला चार काप पुरतात. एकूण ११,२०० चौ. सें.मी. आणि फळीसाठी मधोमध उभा काप घेतला तर? ६० × २०० = १२,००० चौ. सें.मी.! फळीचा एक काप सरपणाच्या साऱ्या कापांहून मोठा निघाला. शिवाय एका फळीला असे दोन काप लागतात.

एवढ्यावरच भागत नाही. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. आडव्या कापात दात्याची कडेची धार तंतू तोडते आणि मधला तुकडा सहज उचलला जातो. फळीच्या कापात मात्र दात्याच्या माथ्याला एकेका तंतूचे टोक छाटावे लागते. म्हणून फळ्यांसाठी साखळीचे दाते वेगळ्या कोनात घासतात: नेहमीच्या सुमारे ३० अंशांऐवजी १० अंशांच्या आसपास.

शक्ती तेवढीच, वाटेकरी जास्त

नेहमीच्या साखळीत साधारण दर ४ सें.मी.ला एक दाता असतो. ३० सें.मी.च्या ओंडक्यात एका वेळी सात-आठ दाते काम करतात, ६० सें.मी.च्या खोडात पंधरा. इंजिनाची शक्ती मात्र तेवढीच राहते. ती दुप्पट दात्यांत वाटली, की प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी येते. पुरेसा दाब न मिळालेला दाता ढलपी काढत नाही, नुसता घासतो. घर्षणाने उष्णता वाढते आणि धार जाते. काकांच्या खळ्यातला धूर यातूनच निघाला. लांब पट्टीने इंजिन मोठे होत नाही.

वजनाचेही तसेच. जाडी-रुंदी तीच ठेवून पट्टी दुप्पट लांब केली, तर वजन दुप्पट होते आणि गुरुत्वमध्यही हातापासून दुप्पट दूर जातो. म्हणून पट्टीच्या वजनाचे आघूर्ण चौपट होते. मनगट लवकर थकते. त्यात ओंडक्याबाहेर डोकावणाऱ्या टोकाचा वरचा भाग दगडाला किंवा दुसऱ्या लाकडाला लागला, तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. यातूनच भयंकर अपघात होतात.

मग काय करावे?

सरपणासाठी पट्टी ओंडक्याच्या जाडीपेक्षा ५ सें.मी. जास्त असली की पुरे. एखादा ओंडका जाड निघाला, तर दोन बाजूंनी कापता येतो. फळ्यांसाठी पट्टी खोडाच्या रुंदीहून लांब लागतेच. पण तिच्याबरोबर तेवढे मोठे इंजिनही हवे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे सॉ मिल. साखळी करवतीचा काप सुमारे ८ मि.मी. रुंद पडतो. २५ मि.मी.च्या फळ्या काढताना जवळजवळ चौथा हिस्सा लाकूड भुशात जाते. सॉ मिलमधल्या बँडसॉचे पाते पातळ असते. त्याचा काप २-३ मि.मी.चा, म्हणून नुकसान फार तर दहाव्या हिश्श्याएवढे. खोड तेवढे ट्रॅक्टरवर घालून न्यायचे आणि फांद्या आखूड पट्टीने कापायच्या, एवढेच आम्हांला करायचे होते. काकांच्या दारांना शेवटी विकतच्या फळ्या लागल्या.

करून पाहा

साखळी करवतीला हात लावू नका. एकाच झाडाच्या दोन वाळक्या फांद्या घ्या, एक २ सें.मी. आणि दुसरी ४ सें.मी. जाडीची. मोठ्यांच्या देखरेखीखाली साध्या हॅकसॉने, सारखाच जोर लावून, दोन्ही कापा आणि फेरे मोजा. जाडी दुप्पट झाली; फेरे दुप्पट झाले की चौपट? उत्तर वहीत लिहा आणि कारण आपल्या शिक्षकांना सांगा.