जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला निरोप द्यावा काय?

इंग्लंडातील हंटिंग्डन येथील पीटर वॉकर यांच्या कारखान्यातून १९६७ साली बाहेर पडलेला ‘क्वाड ३०३’ दर चॅनेलला ४५ वॅट शक्ती देतो, आणि त्याला बडतर्फ करून ९० वॅटचा नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला तरी आवाजाची कमाल पातळी जेमतेम तीन डेसिबलनेच वाढते, हे ध्यानी घेतल्यावाचून बदलाचा निर्णय करू नये. गाणे थांबल्यावरही स्पीकरमधून गुणगुण येत राहिली, तर दोष बहुधा कालौघात शुष्क झालेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचा असतो; ते जाणत्या कारागिराकडून बदलून घेण्याचा खर्च मंजूर करणेच माझ्या मते न्याय्य. मात्र स्पीकर चार ओमांहून कमी रोधाचे, अर्थात अधिक विद्युत्प्रवाह मागणारे असतील, तर नव्याची तजवीज अवश्य करावी.