शास्त्रीबुवांचं सोंग

पोट पुढे, सगळा भार टाचांवर, अंगात पायघोळ काळा झगा, डोक्यावर काळी टोपी. तोंडावर चामड्याचा अर्धा मुखवटा, तोही कपाळ आणि नाक झाकण्यापुरता. खालचे गाल उघडेच राहतात आणि दारूने ते लालबुंद झालेले असतात. इटलीतल्या मुखवट्यांच्या विनोदी नाटकात, म्हणजे कोमेदिया देल्लार्तेत, हे पात्र आलं की बाकीची पात्रं दाराकडे बघू लागतात. बोलायला लागला की हा गडी थांबायचं नाव घेत नाही. त्याचं नाव दोत्तोरे. कधी तो वकील असतो, कधी वैद्य, कधी तत्त्वज्ञ. गाव मात्र ठरलेलं, बोलोन्या. तिथलं विद्यापीठ १०८८ सालचं आणि युरोपातलं सर्वांत जुनं मानलं जातं, तेव्हा पंडिताची टर उडवायची तर तो बोलोन्याचाच हवा, हा हिशेब त्या नाटकवाल्यांनी चोख मांडला होता.

या नाटकाला लिहिलेली संहिता नसे. प्रवेशांची नुसती यादी पडद्यामागे लावायची आणि संवाद नटांनी जागच्या जागी रचायचे. नट जन्मभर एकच पात्र करीत. पादुआ शहरात १५४५ साली अशा एका मंडळीने भागीदारीचा कायदेशीर करार केला. धंदेवाईक नाटकमंडळीचा तो सर्वांत जुन्या उपलब्ध कागदांपैकी एक. पुढे नावाजलेल्या जेलोसी मंडळीत लोदोविको दे बियांकी हा नट दोत्तोरे ग्रात्सियानो करायचा. त्याने १५८७ साली आपल्या पात्राचे एकशे पंधरा सिद्धांत पुस्तकरूपाने छापले. ते सिद्धांत म्हणजे शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट गंभीर चेहऱ्याने सिद्ध करून दाखवणं. धाटणी कळावी म्हणून माझा एक नमुना देतो. "जो झोपला आहे तो जागा नाही, आणि जागा नसलेल्याला उठवल्याखेरीज तो उठला असं म्हणता येत नाही, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला." यावर नोकराने विचारायचं, "मग उठवू का मालकांना?" की दोत्तोरे 'उठणे' या क्रियेचे प्रकार सांगायला बसतो आणि तिकडे मालकाच्या घरात चोर शिरून निघूनही गेलेले असतात. त्याची लॅटिन मोडकी, अवतरणं चुकीच्या माणसाच्या नावावर खपवलेली. पण समोर लॅटिन येणारं कोणीच नसल्याने रुबाबाला धक्का लागत नाही. शेवटी दोन नोकर त्याला उचलून विंगेत नेतात आणि त्याचं भाषण आतूनही ऐकू येत राहतं.

आपल्याकडे हा माणूस नव्हता असं नाही. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला दहावा समास पढतमूर्खासाठीच राखून ठेवला, आणि तो काळही दोत्तोरेच्या भरभराटीचाच, सतरावं शतक. त्याच्याही कितीतरी आधी शूद्रकाच्या मृच्छकटिकात राजाचा मेहुणा शकार येतो. विद्वत्ता दाखवायला तो पुराणातले दाखले देतो. त्याच्या पुराणात द्रौपदी रामाला भिऊन पळते आणि कुंती रावणाच्या तावडीत सापडते. गोविंद बल्लाळ देवलांनी मृच्छकटिक मराठीत आणलं तेव्हा या शकाराने मराठी प्रेक्षकांनाही मनसोक्त हसवलं. फरक एवढाच की शकार मूळचा गुंड आहे. विद्येची झूल तो मिरवण्यापुरती पांघरतो. दोत्तोरेचं पोट मात्र त्या झुलीवरच चालतं, त्यामुळे शकार त्याचा लांबचा भाऊ. सख्खा भाऊ शोधायचा तर नाटकगृहातून बाहेर पडून कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर यावं लागतं.

साल १८९९, कार्तिक महिना. शाहू महाराज पहाटे स्नानाला घाटावर आले होते. मंत्र म्हणायला नारायण भट हजर. बरोबर मुंबईचे राजारामशास्त्री भागवत होते. मंत्र सुरू झाले आणि भागवतांच्या ध्यानात आलं की म्हटले जाताहेत ते वेदोक्त नव्हेत, पुराणोक्त आहेत. महाराजांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की शूद्राला पुराणोक्तच चालतात. वर, सांगतात ते असं, की भटजींनी स्वतः अंघोळही केली नव्हती. शूद्राच्या कार्याला तिचीही गरज नाही म्हणे. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच पुरोहिताने हे ऐकवलं. त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं. वृत्तपत्रं, शास्त्रार्थ, अर्ज, निवाडे सगळं झालं आणि मे १९०२ मध्ये राजघराण्याचे पुरोहित असलेल्या राजोपाध्यांचं वतन जप्त झालं.

या प्रसंगात भागवतांची जागा मला फार मोलाची वाटते. नाटककाराने मुद्दाम रचावा तसा हा प्रवेश आहे, पण इटालियन नाटककाराला तो रचता आला नसता. त्यांच्या रंगमंचावर दोत्तोरेची लॅटिन तपासणारा कोणीच नसतो. नोकराला ती येत नाही, कंजूष म्हातारा पांतालोने मान डोलावतो, प्रेमिकांना सवड नसते. प्रेक्षक हसतो तो आवाजाला आणि हातवाऱ्यांना. घाटावर मात्र संस्कृत कळणारा एक खरा विद्वान उभा होता, आणि तोही ब्राह्मणच. ढोंगी पंडिताचं बिंग फोडायला अडाण्याची टपली पुरत नाही, खरा पंडित लागतो.

वतनजप्तीनंतर लगेच महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला निघाले. वाटेत रोम झालं. तिथलं प्राचीन रिंगण बघून त्यांच्या डोक्यात कुस्तीच्या मैदानाची कल्पना आली, असं कोल्हापुरात कुणालाही विचारा, सांगेल. खासबाग मैदान त्यातूनच झालं आणि शेजारी १९१५ साली पॅलेस थिएटर उभं राहिलं. त्यालाच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. महाराज इटलीत होते तेव्हा मुखवटेवाल्या नाटकमंडळ्यांचे दिवस सरून शंभराहून अधिक वर्षं झाली होती. पण दौरा चालू असतानाच २६ जुलै १९०२ ला, मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम करवीर गॅझेटात निघाला. दोत्तोरेला दिलेलं उत्तर म्हणायचं तर तो हुकूम त्यातच जमा करावा लागेल.

मराठी नाटकात असा पंडित, ग्रह सांगणारा जोशीबुवा, आणला जोतीराव फुल्यांनी, तोही घाटावरच्या प्रसंगाच्या चव्वेचाळीस वर्षं आधी. 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ सालचं. जोशी एका गरोदर कुणबिणीला गाठतो, पोटातल्या बाळाला ग्रहपीडा असल्याचं सांगतो, जपाचा आणि ब्राह्मणभोजनाचा खर्च तिच्या माथी मारतो. विदूषक मधून मधून बोलून त्याची सालं काढत राहतो. नाटक फुल्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं. कमिटीजवळचा पैसा मूळचा पेशवाईतल्या दक्षिणेचा, म्हणजे पुण्यात विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या रकमेचा. इंग्रजांनी त्यातला काही भाग ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवला होता. पंडितांच्या दक्षिणेतून पंडितांचं सोंग काढणाऱ्या नाटकाला बक्षीस मागायचं, यातला खट्याळपणा फुल्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. कमिटीने नाटक घेतलं नाही. ते छापून निघायला १९७९ उजाडलं.

नाटकाचा शेवट बघा. कुणबी नवरा-बायको जोशाला बडवत नाहीत, हाकलतही नाहीत. ती दोघं जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत नाव घालायला निघतात. सगळ्या इटालियन परंपरेत दोत्तोरेवर असा उपाय कोणाला सुचला नाही. तिथे त्याला काठी बसते, फसवलं जातं, उचलून नेलं जातं, आणि पुढच्या गावी पुढच्या प्रयोगात तो पुन्हा तसाच फुगून उभा राहतो. मुखवट्याचा नियमच तो, पात्र बदलत नाही. फुल्यांनीही पात्र बदललं नाही. त्यांनी समोरचा प्रेक्षक बदलायला घेतला.

कोल्हापुरात ११ जानेवारी १९११ ला फुल्यांचा सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि जोशीबुवाला खरं व्यासपीठ मिळालं ते सत्यशोधक जलशात. बांधणी तमाशाचीच, आशय नवा. गण, गौळण, बतावणी, वग ही चौकट गावकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली. शृंगार बाजूला सारून तिच्यात सावकार, कुलकर्णी आणि भटजी आणून बसवले. बतावणी म्हणजे दोघांची सवाल-जवाबी. एकाने अक्कल पाजळायची, दुसऱ्याने भोळा चेहरा करून ती उसवायची. पुन्हा धाटणी जुनी, नमुना माझा:

"तुझ्या राशीला मंगळ वक्री, शनी त्याच्या पाठीशी, आणि राहू दोघांच्या मधोमध!"
"म्हंजी तिघं बी एकाच घरात?"
"एकाच घरात."
"मग भाडं कोण देतंय, म्हाराज?"

इथे कुणब्याला ज्योतिष येत नाही, पण भाडं ठाऊक आहे. शास्त्राच्या भाषेत शिरायचंच नाही, तिला आपल्या व्यवहाराच्या दारात ओढून आणायचं, ही बतावणीतली खरी हातोटी. सोंगाड्या जेवढा निरागस, तेवढा पंडित उघडा पडतो. सोंगाड्याने डोळा मारून "बघा कसा पकडला" असं दाखवलं की प्रवेश मेला. तमाशातल्या जुन्या सोंगाड्यांना हे रक्तातच असायचं. आजच्या हौशी मंडळींचा तोल इथेच जातो.

जलशांवर एक आक्षेप रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी भटजीचं सोंग जातीच्या टवाळीपुरतं उरलं आणि विद्येच्या ढोंगाचा मुद्दा मागे पडला. दोत्तोरेलाही हेच झालं होतं. बोलोन्याच्या बोलीची नक्कल केली की हशा वसूल व्हायचा, मग लॅटिनचं सोंग कोण मेहनतीने रचणार? सोपा हशा चांगल्या पात्राला असाच खातो.

ब्राह्मण नाटककारांनीही या माणसाला सोडलं नाही. देवलांच्या 'संगीत शारदा'त (१८९९) भद्रेश्वर दीक्षित आहे. थेरड्या भुजंगनाथाला पोरसवदा नवरी मिळवून द्यायला तो जीभ आणि शास्त्र दोन्ही भाड्याने देतो. शेवटी वधू-वर एकाच गोत्राचे निघतात आणि लग्न मोडतं. म्हणजे शास्त्राच्या नावाने चाललेला अधर्म शास्त्राच्याच नियमाने अडतो! वेदोक्ताचा वाद पेटला तेही वर्ष हेच.

देवलांचा इटलीशी आडवळणाने का होईना, पण पक्का धागा आहे. त्यांच्या 'संशयकल्लोळ'चं मूळ आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकात आणि मर्फीचं फ्रेंच नाटककार मोलिएरच्या 'स्गानारेल'मध्ये. मोलिएरच्या मंडळीने १६५८ पासून पॅरिसमध्ये एका इटालियन मुखवटेवाल्या मंडळीबरोबर एकच नाटकगृह वाटून घेतलं होतं, आणि विनोदाची वेळ कशी साधायची हे तो त्यांच्याकडे बघून शिकला. दोत्तोरेच्या जातीचे वैद्य मोलिएरनेही रंगवले. त्याचं शेवटचं नाटक, १६७३ चं, रोगाच्या भ्रमात जगणाऱ्या एका माणसावर आहे. शेवटी मोडक्या लॅटिनमध्ये समारंभ होऊन त्या रोग्यालाच वैद्य करून टाकतात. ही भूमिका करणारा मोलिएर स्वतः खराच आजारी होता. चौथ्या प्रयोगात त्याची प्रकृती ढासळली आणि त्याच रात्री तो गेला. 'संशयकल्लोळ'मध्ये मात्र पंडित नाही. फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, कृत्तिका, रेवती अशी सगळी नावं पंचांगातली, आणि पंचांग सांगणारा तेवढा गायब.

स्वातंत्र्यानंतर आपल्या भागात हे बीज पुन्हा रुजवलं ते शंकर पाटलांनी. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचा हा कथाकार. 'कथा अकलेच्या कांद्याची' हे त्यांचं वगनाट्य गाजलं आणि त्यात निळू फुल्यांसारखा नट कामाला आला. पण तोवर शास्त्रीबुवांची जरब ओसरली होती. शाहू महाराजांनी जातीजातींची वसतिगृहं काढली होती, १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढला होता. पंचांग वाचू शकणारा पोरगा घरोघरी झाल्यावर पंचांगाच्या धाकावर कोण जगणार? पुढच्या मराठी लेखकांना पढिक माणसाची कीवच येऊ लागली. पु. लं.चा सखाराम गटणे पुस्तकी बोलतो, पण त्याच्यावर राग धरवत नाही.

माझ्या मते हा मवाळपणा आता पुरे. लॅटिन गेली, मंत्रांचा धाकही बराच गेला, पण न कळणाऱ्या भाषेत बोलून समोरच्याला गप्प करायचा धंदा जोरात आहे. हल्ली तो इंग्रजीत चालतो. वास्तुतज्ज्ञ, गुंतवणुकीचे सल्लागार, वाहिन्यांवरचे भविष्यवेत्ते, चर्चेत बोट नाचवणारे विश्लेषक, काळा झगा नाही एवढंच. त्यांना "भाडं कोण देतंय?" असं विचारणारा सोंगाड्या रंगमंचावर दिसत नाही. आपल्या राज्यनाट्य स्पर्धांत गंभीर मनोविश्लेषणाची नाटकं रांगेने येतात. एखादी खणखणीत बतावणी आली, तर परीक्षक तिला बक्षीस देवोत न देवोत, प्रेक्षक डोक्यावर घेतील.

केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळालं. इमारत पुन्हा उभी करता येते. जलशाच्या वह्यांचं तसं नाही. त्यातली गाणी आणि बतावण्या बहुतेक हातानेच लिहिलेल्या, छापल्या गेलेल्या थोड्याच. करवीर, कागल, शिरोळ, गडहिंग्लजकडच्या घरांत कुणाच्या आज्या-पणज्याने जलशात काम केलं असेल, माळ्यावर एखादं बाड पडून असेल, तर ते रद्दीत घालू नका. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आहे, शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथे नेऊन दाखवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस एखादी बतावणी अजून तोंडपाठ म्हणत असेल, तर आधी मोबाईलवर ती पुरती रेकॉर्ड करून ठेवा.