उकळून जात नाही ते पाणी

उन्हाळ्यात जुलाबाचे रुग्ण वाढले की आम्ही डॉक्टर ‘पाणी उकळून प्या’ म्हणतो. पण दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे असलेलं मूल समोर आलं, की हा सल्ला उपयोगाचा नसतो. ते पट्टे बहुधा फ्लोराइडचे. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड नाही जात. पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण उलट वाढतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर पुढे सांधे आणि मणकाही आखडू शकतो. झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही.

फ्लोराइड येतं खडकातून. उथळ विहीर आटते, गाव खोल बोअर घेतं आणि काही भागांत खडकात दीर्घकाळ मुरलेलं पाणी घरात येतं. म्हणून विहीर का आटली, हा प्रश्न दवाखान्याचाही आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाऊस जेमतेम 400 मिलिमीटरच्या आसपास. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाल्यावर तिथे चर, बांध झाले. ते इतरत्रही झाले. वेगळं आहे ते पुढचं. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांचं, जनावरांचं पाणी आधी, मग पिकं. ऊस, केळी आणि शेतीसाठीचे बोअर बंद. श्रमदानाला माणसं मिळतात हो. शेजाऱ्याला ‘ऊस लावू नको’ म्हणणं खरं अवघड!

आपल्या ग्रामसभेत असा ताळेबंद मांडाल, तेव्हा पिण्याच्या प्रत्येक स्रोताच्या फ्लोराइड, नायट्रेट तपासणीचे आकडेही मागा. नमुना मे महिन्यातला हवा, पाणी सर्वांत खाली गेलेलं असतानाचा.