भ्रष्टाचाराची शिस्त

भ्रष्टाचार म्हणजे शिस्तीचा अभाव, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ब्राझीलमधील पेट्रोब्रास या सरकारी नियंत्रणाखालील तेलकंपनीचे प्रकरण अभ्यासले, तर ही समजूत बदलावी लागते. तेथे भ्रष्टाचार वर्षानुवर्षे टिकला, तो शिस्तीच्याच बळावर.

या व्यवस्थेत चार घटक होते. पहिला कंत्राटदारांचा. बड्या बांधकाम कंपन्यांनी आपसांत एक मंडळ केले होते. कोणते काम कोणी घ्यायचे हे आधीच ठरे; बाकीचे मुद्दाम चढ्या दराच्या निविदा भरीत. या वाटपाचे नियम क्रीडास्पर्धेच्या नियमावलीच्या थाटात चक्क कागदावर लिहिलेले सापडले. दुसरा घटक कंपनीच्या संचालकांचा. निविदा कोणाकडून मागवायच्या हे त्यांच्या हाती असे आणि त्याबद्दल कंत्राटाच्या रकमेवर ठरावीक टक्केवारी मिळे. तिसरा घटक, या संचालकांच्या नेमणुकीमागे असलेल्या सत्ताधारी आघाडीतील पक्षांचा. टक्केवारीतला वाटा त्यांच्याकडे जाई. चौथा घटक दलालांचा. खोटे सल्लाकरार आणि परदेशी खाती यांतून पैसा फिरवणे हे त्यांचे काम. ओडेब्रेख्त या कंपनीत तर लाच वाटण्यासाठी स्वतंत्र विभागच होता. ब्राझील धरून बारा देशांत सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर लाच दिल्याची कबुली तिने डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दिली.

हे जाळे टिकले कसे? एक तर लाच कोणाच्याच खिशातून जात नव्हती; ती वाढीव दरातून, म्हणजे अखेर जनतेच्या पैशातून निघे. दुसरे, मंडळाबाहेर राहणाऱ्याला काम मिळणे कठीण होते. आणि तिसरे, आत असलेल्याला तक्रार करायची तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागे. प्रत्येकाचे गुपित दुसऱ्याच्या हाती, हाच त्यांच्यातला विश्वास!

हा विश्वास मोडला तो कायद्यातील एका तरतुदीमुळे. तपासाला साहाय्य करणाऱ्या आरोपीची शिक्षा कमी करण्याची व्यवस्था २०१३ च्या कायद्याने पक्की केली. मार्च २०१४ मध्ये माजी संचालक पावलो रॉबेर्तो कोस्टा यांना अटक झाली. काही महिन्यांतच ते बोलू लागले. मग गप्प राहणेच महाग ठरू लागले आणि एकामागून एक कबुलीजबाब आले. २०१५ मध्ये पेट्रोब्रासने भ्रष्टाचारापोटी ६२० कोटी रेआलचे नुकसान आपल्या हिशेबात दाखवले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. त्या वेळी माजी अध्यक्ष असलेल्या लुला यांच्याविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीश सेर्जिओ मोरो निःपक्षपाती नव्हते, असा निर्णय २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. लुलांच्या शिक्षा रद्द झाल्या. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी ओडेब्रेख्तच्या कबुलीतून मिळालेला पुरावा निरुपयोगी ठरवला. खऱ्या लाचखोरीचे अनेक खटलेही त्यामुळे खिळखिळे झाले.

केवळ माणसे तुरुंगात घालून असे जाळे नाहीसे होत नाही. निविदा, नेमणुका आणि पक्षनिधी यांच्या रीती बदलाव्या लागतात. आणि जे जाळे इतक्या शिस्तीने विणले गेले, ते उसवणाऱ्याने कायद्याची शिस्त सोडून कसे चालेल?