व्यक्ती तितक्या प्रकृती : स्वभावाचे मोजमाप

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ आणि ‘स्वभावाला औषध नाही’ अशा दोन म्हणी मराठीत रूढ आहेत. पहिलीत माणसामाणसांतील भेदाचे निरीक्षण आहे. दुसरीत त्या भेदापुढे पत्करलेली शरणागती. या दोन्ही उक्ती शास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकतात, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. शाळेत एखाद्या मुलावर ‘लाजाळू’ असा शिक्का बसला, की त्याला वक्तृत्वस्पर्धेत उभे करण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही, आणि हळूहळू ते मूलही तो शिक्का खरा मानू लागते. आज विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना, नोकरीसाठी निवड करताना, किंबहुना घरबसल्या संगणकावरदेखील स्वभावाच्या चाचण्या घेतल्या जातात. या चाचण्या आपल्याविषयी काय सांगू शकतात व काय सांगू शकत नाहीत, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

चार रसांपासून शब्दकोशापर्यंत

माणसांची स्वभावानुसार वर्गवारी करण्याची हौस फार पुरातन आहे. प्राचीन ग्रीक वैद्यकात रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त असे शरीरातील चार रस मानीत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन याच्या परंपरेत त्यांचा संबंध मनोवृत्तीशी जोडला गेला. आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त व कफ यांवरून, तर सांख्यांनी सत्त्व, रज व तम या गुणांवरून प्रकृतिभेद सांगितले. या पद्धतींत निरीक्षण होते. उणीव होती ती मापनाची.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ साली एक निराळी वाट सुचविली. माणसांना एकमेकांच्या स्वभावातील जे भेद महत्त्वाचे वाटतात, त्यांना भाषेत शब्द असणारच, असा विचार करून तो शब्दसंग्रहाकडे वळला. १९३६ साली अमेरिकेतील गॉर्डन ऑल्पोर्ट व हेन्री ऑडबर्ट यांनी वेब्स्टरच्या मोठ्या कोशातून माणसामाणसांतील भेद दर्शविणारे १७,९५३ शब्द वेचून काढले. मराठीतही अशा शब्दांना तोटा नाही. मानी, हेकट, धांदरट, कनवाळू, तिरसट, चिवट, भिडस्त – अशी यादी कोणताही वाचक सहज वाढवू शकेल.

एवढ्या शब्दांचा उलगडा करण्यास गणित साहाय्यास आले. वक्तशीर माणूस बहुधा टापटिपीचाही असतो, आणि बोलका माणूस बहुधा चारचौघांत रमणाराही असतो. म्हणजे काही गुण एकत्र नांदतात. अशा एकत्र नांदणाऱ्या गुणांचे गट शोधण्याच्या गणिती पद्धतीस ‘घटक-विश्लेषण’ म्हणतात. या पद्धतीने अभ्यास करताना अर्नेस्ट ट्यूप्स व रेमंड ख्रिस्टल या अमेरिकी संशोधकांना पुनःपुन्हा पाच गट आढळले, व त्यांनी ते १९६१ साली नोंदविले. पुढे ल्युइस गोल्डबर्ग, पॉल कोस्टा, रॉबर्ट मॅक्रे आदींच्या कार्यामुळे ही पंचघटक पद्धती सर्वत्र परिचित झाली.

पाच घटक

पहिला घटक नवनव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, दुसरा कर्तव्यदक्षता, म्हणजे नेटकेपणा व हाती घेतलेले तडीस नेण्याची वृत्ती, तिसरा बहिर्मुखता, चौथा सौहार्द, म्हणजे इतरांशी जुळवून घेण्याची व त्यांच्यावर विश्वास टाकण्याची प्रवृत्ती, आणि पाचवा भावनिक अस्थिरता, म्हणजे चिंता, उद्वेग व उदासी यांकडे असलेला मनाचा कल.

हे घटक मोजण्याची रीत साधी असते. ‘मी ठरविलेले काम वेळेवर पुरे करतो’ यासारखी विधाने वाचून ती आपणास कितपत लागू पडतात, हे बहुधा एक ते पाच या अंकांत नोंदवायचे असते. काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची घालतात, म्हणजे सर्वत्र ‘होय’ म्हणत जाणाऱ्याची सवय उत्तरांत मिसळत नाही. नंतर आलेल्या गुणांची तुलना त्याच वयाच्या व समाजाच्या अनेक लोकांच्या गुणांशी केली जाते. ही तुलना हाच चाचणीचा प्राण होय. नुसत्या ‘३२ गुण’ या आकड्यास काहीच अर्थ नाही. शंभर माणसांत आपण कोणत्या स्थानी आहोत, हे कळले तरच तो आकडा बोलका होतो.

खाने की मोजपट्टी?

माणसांचे खाने पाडणे आपल्याला फार आवडते. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग याच्या १९२१ सालच्या ग्रंथापासून स्फूर्ती घेऊन कॅथरिन ब्रिग्ज व तिची कन्या इझाबेल मायर्स यांनी अमेरिकेत एक चाचणी रचली. तिच्यात सर्व माणसे सोळा प्रकारांत विभागलेली आहेत. ही चाचणी अतिशय लोकप्रिय झाली. तथापि संशोधकांनी तिच्यावर एक गंभीर आक्षेप घेतला आहे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर अनेकांचा प्रकार बदलतो.

असे का व्हावे? उंचीचे उदाहरण घेऊ. समजा, १६५ सेंटिमीटरवर रेघ मारून आपण माणसांचे ‘उंच’ व ‘ठेंगू’ असे दोन वर्ग केले. आता १६४ व १६६ सेंटिमीटर उंचीची माणसे जवळजवळ सारखी असूनही भिन्न वर्गांत जातील, आणि १६६ व १८५ सेंटिमीटरची माणसे मात्र एकाच वर्गात येतील. स्वभावाचेही तसेच आहे. बहुसंख्य माणसे मध्याच्या आसपास असतात. निव्वळ अंतर्मुख किंवा निव्वळ बहिर्मुख माणूस विरळा. म्हणून स्वभावास खाने नव्हेत, मोजपट्टी शोभते.

वर्णन पटले म्हणजे खरे ठरते काय?

‘चाचणीने माझे हुबेहूब वर्णन केले’ असे अनेकजण सांगतात. या प्रत्ययाचे मोल किती, हे बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली दाखवून दिले. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली व प्रत्येकास त्याचे म्हणून स्वभाववर्णन दिले. वर्णन कितपत जुळते, याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वस्तुतः सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि तो बाजारातील ज्योतिषाच्या पुस्तकावरून जुळविलेला होता! जे वर्णन कोणासही लागू पडते, ते विशिष्ट माणसाविषयी काहीच सांगत नाही. तेव्हा चाचणीची परीक्षा ‘मला पटले का’ या प्रश्नाने होत नाही; ‘हे वर्णन माझ्या शेजाऱ्यास लागू पडणार नाही ना’ हा प्रश्न विचारावयास हवा.

आपण आणि इतर

आणखी एक अडचण उरतेच. प्रश्नावलीची उत्तरे आपणच देतो; मग आपण स्वतःला खरोखर ओळखतो काय? १९५५ साली जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगम यांनी यासाठी एक सोपी आकृती मांडली. तिचे नाव ‘जोहारी खिडकी’. हे नाव भारतीय वाटले, तरी ते या दोघांच्या नावांतील आद्याक्षरे जोडून झाले आहे. खिडकीला चार तावदाने आहेत : जे आपल्यालाही ठाऊक व इतरांनाही, जे आपल्याला ठाऊक पण इतरांपासून झाकलेले, जे इतरांना दिसते पण आपल्याला नाही, आणि जे कोणासच ठाऊक नाही.

यांतील तिसरे तावदान कल्पित नाही. सिमीन वझीर यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की चिंता किंवा उदासी यांसारख्या आतल्या गोष्टी माणूस स्वतः अधिक अचूक सांगतो. परंतु बुद्धी व कल्पकता यांसारख्या, ज्यांत आपला अभिमान गुंतलेला असतो अशा गोष्टींत मित्रांचा अंदाज अधिक खरा ठरतो. आपल्या सैन्यदलांच्या अधिकारी-निवड मंडळांत उमेदवारास मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी व गटकार्याचे परीक्षक असे तिघे वेगवेगळ्या दृष्टींनी पारखतात. त्यामागील तत्त्वही हेच की, एका आरशात पूर्ण मनुष्य दिसत नाही.

प्रसंगाचा वाटा

शिवाय वर्तनाचे सारे श्रेय स्वभावास देणे योग्य नव्हे. ह्यू हार्टशॉर्न व मार्क मे यांनी हजारो अमेरिकी शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाचा अभ्यास करून १९२८ साली असे दाखविले, की परीक्षेत नक्कल करणारे मूल खेळात किंवा पैशाच्या व्यवहारातही लबाडी करीलच असे नाही. या बाबतीत जोन मिलर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेली तुलना भारतीय वाचकांना विशेष वाटेल. दुसऱ्याच्या वर्तनाचे कारण सांगताना शिकागोतील प्रौढ माणसे त्याच्या स्वभावाकडे अधिक बोट दाखवीत. म्हैसूरमधील हिंदू प्रौढ मात्र प्रसंग, नाती व परिस्थिती यांचा उल्लेख अधिक करीत. लहान मुलांत हा भेद फारसा नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला.

यावरून परकीय चाचण्यांचे निव्वळ भाषांतर का पुरत नाही, हेही ध्यानात येते. आपला ‘भिडस्त’ माणूस इंग्रजी प्रश्नावलीतील लाजाळू माणूस नव्हे. तो चारचौघांत गप्पा रंगवील, पण कोणी गळ घातली तर ‘नाही’ म्हणू शकणार नाही. बोलिव्हियातील त्सिमाने या आदिवासी लोकांत तर पंचघटकांची रचनाच नीट आढळली नाही, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. चाचणी ज्या समाजात वापरायची, त्याच समाजात ती पारखून घ्यावी लागते.

उपयोग कोणता?

मग या साऱ्या खटाटोपाचा लाभ काय? पहिला लाभ समजुतीचा. समजा, दोन शिक्षकांवर स्नेहसंमेलनाची जबाबदारी आहे. एकाला महिनाभर आधी सर्व कामांची यादी हवी. दुसऱ्याला ऐनवेळी सुचणाऱ्या कल्पनांत आनंद. पहिला दुसऱ्यास बेजबाबदार म्हणतो, दुसरा पहिल्यास कर्मठ. हा दोष नसून मोजपट्टीवरील अंतर आहे हे उमगले, की भांडणाची जागा कामाची वाटणी घेऊ शकते : हिशेब व वेळापत्रक एकाकडे, कार्यक्रमाची रचना दुसऱ्याकडे.

दुसरा लाभ आशेचा. २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणाऱ्या ९२ नमुन्यांची माहिती एकत्र तपासली. तारुण्यापासून मध्यम वयापर्यंत माणसे सरासरीने अधिक कर्तव्यदक्ष व भावनेने अधिक स्थिर होतात, असे तीवरून दिसते. पहिली म्हण शास्त्राने उचलून धरली. दुसरी मात्र पूर्णांशाने खरी नाही. म्हणून शाळकरी वयातील चाचणीच्या निकालावरून कोणाचा अभ्यासक्रम किंवा आयुष्य ठरविणे अनुचित होय. मनाच्या व्याधीची शंका असेल, तर छापील प्रश्नावलीवर विसंबू नये, तज्ज्ञाकडे जावे.

जिज्ञासू वाचकांस एक प्रयोग करून पाहता येईल. स्वतःच्या स्वभावाचे वर्णन करणारी दहा विशेषणे कागदावर लिहावीत. विश्वासातील एखाद्या मित्रास, ताईस किंवा दादास आपल्याविषयी तशीच दहा विशेषणे स्वतंत्रपणे लिहावयास सांगावे. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवाव्यात. जे शब्द दोन्हीकडे आहेत त्यांचे समाधान मानावे. जे केवळ दुसऱ्याच्या यादीत आहेत, त्यांवर रागावण्यापूर्वी ‘तुला असे कोणत्या प्रसंगी वाटले?’ एवढे विचारावे, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.